पदवीनंतर, सातपूरकडे

मायको सर्कल, कार्बन नाका, गरवारे पॉइंट, एक्स्लो पॉइंट. नाशिकचे कितीतरी थांबे कारखान्यांच्या नावाचे. मायकोची बॉश होऊन वर्षं झाली, रिक्षावाले अजून मायकोच म्हणतात. निफाड-चांदवडकडून केटीएचएम, के. के. वाघ या कॉलेजांत आलेली मुलं शिकत असताना या थांब्यांवरून जात-येत असतात. कारखान्याच्या भिंतीच्या आत काय चालतं हा प्रश्न मात्र निकाल लागल्यावर पडतो. फार उशिरा पडतो. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत महिनाभर एखाद्या वर्कशॉपमध्ये व्हर्नियर हातात धरलेला मुलगा मुलाखतीत वेगळा बोलतो. त्याच्याकडे सांगायला काम असतं.

०

‘अनुभव किती?’ नुकत्याच पास झालेल्या मुलाला हे विचारणं मला पटत नाही. अनुभव द्यायचा कोणी? 1961चा अप्रेंटिस कायदा त्यासाठीच आहे. 2019च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिसला महिना किमान 9,000 रुपये विद्यावेतन ठरवलं. 2024मध्ये राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली : सुरुवातीला मुदत सहा महिने, पदवीधराला 10,000. ओझरच्या एचएएलमध्येही पदवीधर अप्रेंटिस घेतात. विमानाच्या कारखान्यात काढलेलं वर्ष पुढे कुठेही उपयोगी पडतं.

पैसे थोडे आहेत. सिडकोतली खोली आणि मेस यांतच संपतात. माझा राग त्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीवर आहे. काही ठिकाणी मुलाला स्टोअरमध्ये खोकी मोजायला बसवतात आणि मुदत संपली की प्रमाणपत्र हातात देऊन मोकळे होतात. कोण शिकवणार, त्या माणसाचं नाव पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे.

०

ऑफर लेटरवरचा आकडा बघून घरी पेढे वाटले जातात, आणि पहिल्या पगाराला चेहरा पडतो. सीटीसीत, म्हणजे त्या आकड्यात, कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो. मूळ पगाराच्या 12 टक्के आपले पीएफला जातात, व्यवसाय कर महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. (25,000पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना 2023पासून तो माफ आहे.) पीएफचा यूएएन क्रमांक मात्र जपून ठेवावा. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही, आणि जुना पीएफ काढून मोबाइल घेण्यापेक्षा नव्या खात्यात वळवलेला बरा.

०

घरात ‘अजून सेटल नाही’ सुरू झालं की मला वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कवी कुसुमाग्रज, आठवतात. एचपीटी कॉलेजातून 1934 साली बी.ए. झाले. पुढे गोदावरी सिनेटोन या चित्रपट कंपनीत गेले, ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहिली, त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. चित्रपट चालला नाही. मग प्रभा, प्रभात, सारथी, धनुर्धारी, नवयुग : एकामागून एक वृत्तपत्रं आणि साप्ताहिकं. ‘विशाखा’ हा कवितासंग्रह आला 1942मध्ये, वि. स. खांडेकरांनी पुढाकार घेतला म्हणून. पदवी आणि ‘विशाखा’ यांच्यामध्ये आठ वर्षं. ती वाया गेली असं आज कोणी म्हणणार नाही. आपल्या घरातल्या मुलाला आपण आठ महिनेही देत नाही.

०

विलास शिंदे राहुरीच्या कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीत एम.टेक. झाले आणि नोकरी न धरता शेतीत उतरले. सुरुवातीची वर्षं तोट्याची, कर्जाची. 2004मध्ये काही शेतकऱ्यांना बरोबर घेऊन द्राक्षं युरोपला पाठवली. पुढे त्यातूनच मोहाडीची (ता. दिंडोरी) सह्याद्री फार्मर प्रोड्युसर कंपनी उभी राहिली. आता तिथे कृषी पदवीधर लागतात, फूड टेक्नॉलॉजीची मुलं लागतात. दिंडोरी तालुक्यातही करिअर होतं, हे मी खेड्यातल्या मुलांना मुद्दाम सांगतो. कर्जाची वर्षं गाळून ही गोष्ट सांगू नये. पालकांना तर तीच आधी सांगावीत.

०

पंचवटी एक्स्प्रेस 1975पासून धावते आहे. सकाळी मनमाडहून निघते, संध्याकाळी मुंबईहून परत. पास काढून रोज जाणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. पण पहिल्या नोकरीला हा प्रवास नको. दिवसाचे सात-आठ तास गाडीत गेल्यावर शिकायला डोकं ताजं राहत नाही. सुरुवातीला कल्याण-डोंबिवलीत दोघातिघांत खोली करावी. पास नंतरही काढता येतो.

०

सेकंड शिफ्ट रात्री अकराच्या आसपास सुटते. मुलगी क्वालिटीत उत्तम काम करते, पण घरून ‘जनरल शिफ्ट असेल तरच’ असं सांगितलेलं असतं. आईवडिलांना दोष देऊन काही होत नाही; अंबडहून सिन्नर फाट्यापर्यंत रात्री कोणत्या वाहनाने यायचं, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. कंपनीची बस दारापर्यंत येते की फक्त हमरस्त्यापर्यंत, हे मुलाखतीतच विचारावं. बस दारापर्यंत येत असेल तर आईला एकदा त्या शेवटच्या थांब्यावर घेऊन जावं, ड्रायव्हर आणि बरोबरच्या मुली दाखवाव्यात. एवढ्यावर घरचा होकार आलेला मी पाहिला आहे.