डागडुजी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. जुन्या घराची डागडुजी पाहावी करून, असे मात्र कोणी सांगितले नाही. सांगितले असते, तर निवृत्तीचे पैसे पोस्टात ठेवून मी डोंबिवलीच्या गॅलरीत सुखाने चहा पीत बसलो असतो.

आमचे मूळ घर देवगड तालुक्यात. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरी सुरू झाली, तेव्हापासून जाणे सोपे झाले. रात्री गाडीत बसावे, सकाळी कणकवलीला उतरावे, एस.टी.ने फाट्यापर्यंत जावे आणि पुढे पाखाडी उतरावी. खाली नारळ, वर हापूसची कलमे आणि मध्ये आमचे घर. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या. हा दगड खाणीत असतो तेव्हा कुऱ्हाडीने तासावा इतका मऊ. वारा लागला की वर्षे जातील तसा कठीण होतो. स्वभावाने अगदी कोकणी माणूस! छपरावर मंगळुरी कौले. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरास पहिला कारखाना काढला आणि पुढे साऱ्या किनाऱ्याने ही कौले डोक्यावर घेतली.

या घरात माझी काकू एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. मुंबईला ये म्हटले की म्हणते, "थंय माका कोण वळाखता?" म्हणून मी ठरवले की, काकू येत नाही तर निदान घर तरी मुंबईसारखे करावे. चतुर्थीला सगळे भाऊ जमतील, तेव्हा त्यांनी तोंडात बोट घालावे, हाही एक सुप्त हेतू होता. तो कबूल केलेला बरा.

एप्रिलात गेलो. मेस्त्री भला माणूस. "भाऊनू, तीन आठवडे," तो म्हणाला. तीन आठवडे नुसते वाळूची वाट पाहण्यात गेले.

पहिले काम ओटीचे. शेणाने सारवलेली जमीन मला गावंढळ वाटे. मी आरशासारखी गुळगुळीत पांढरी लादी निवडली. मेस्त्री म्हणाला, "खरबरीत घेवया." मी ऐकले नाही. लादी बसली, जमीन चार बोटे उंच झाली, आणि दार उघडेना. सुताराने दार खालून तासले. ते इतके तासले की, मांजर बंद दारातून जाऊ-येऊ लागले. काकूने त्याला दूध घातले आणि दाराचा विषय संपवला.

मागच्या पडवीवर माकडे उड्या मारून कौले फोडत, म्हणून तिथे पत्रा घातला. पहिल्याच रात्री त्यावर नारळ पडला. विजयदुर्गावरून तोफ सुटली असे समजून मी अंथरुणातच उठून बसलो. काकू कूस न बदलता म्हणाली, "आता नारळ पडलेलो कळात तरी."

मग मृग लागला. आमच्याकडे पाऊस भरपूर पडतो, आणि लादीला उतार बाहेर नसून आत दिलेला आहे, हे त्याने पहिल्या तासात दाखवून दिले. अंगणातले पाणी मोठ्या इतमामाने ओटीवर आले. पाठोपाठ दोन बेडूक आले. जुना चुन्याचा गिलावा काढून मी भिंतींना सिमेंट लावले होते. जांभा ओल पितो आणि उन्हात सोडतो. सिमेंटने त्याचे तोंडच बंद केले. आषाढात भिंतीवर असे नकाशे उमटले की, शाळेतील भूगोलाचे मास्तर खूश झाले असते.

इथपर्यंत हसण्यासारखे होते. एका संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून परतताना काकू त्या ओल्या लादीवरून घसरली. हाड मोडले नाही, ही देवाची कृपा. पाय मात्र सुजला. त्याहून वाईट ते पुढे झाले. पन्नास-साठ वर्षे ज्या घरात ती काळोखातही सरळ चालत होती, त्या घरात ती आता भिंत धरून चालू लागली. ओटीशी आली की थांबे आणि माझ्याकडे बघे. बोलत काही नसे. बोलली असती तर बरे झाले असते.

मी मेस्त्रीला बोलावले. "लादी तुमीच पसंत केल्यात," एवढेच तो म्हणाला आणि पहार उचलली. श्रावणात ऊन-पावसाच्या फटीत लादी निघाली, उतार बाहेर झाला. बागेतली तांबडी माती आणून चोपण्याने चोपली. गावातल्या दोघी जणी सारवायला आल्या. शेवटचा हातभर तुकडा काकूने पाटावर बसून स्वतः सारवला. सिमेंट मात्र पुढल्या उन्हाळ्यात काढायचे ठरले.

चतुर्थीला भाऊ जमले. ओटी पाहून थोरला म्हणाला, "तू एवढे पैसे खर्च केलेस, ते कुठे?" मी त्याला पडवीवरचा पत्रा दाखवला.

रात्री आरतीनंतर वीज गेली. काकू माजघरातून ओटीवर यायला निघाली. मी बॅटरी घेऊन घाईने पुढे झालो.

"बॅटरी कित्याक रे झिला?" काळोखातून तिचा आवाज आला. "माका वाट म्हायत आसा."

आणि भिंतीला हात न लावता ती येऊन माझ्याशेजारी बसली.