आजची एक साखळी

पुण्याहून बदली होऊन चेन्नईला आलेल्या त्या बँक अधिकाऱ्याला तमिळमधलं पहिलं वाक्य आलं, ते ‘नाळैक्कु वांग’. म्हणजे ‘उद्या या’.

दर सोमवारी एक वृद्ध बाई त्याच्या टेबलाशी येई. तिचा नवरा बँकेत शिपाई होता. तो वारल्यावर तिची फॅमिली पेन्शन अडली होती, कारण जुन्या नोंदींत तिचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. मुख्य कार्यालयाला एक सविस्तर पत्र लिहायचं, एवढंच काम! पण ‘इतके दिवस काय करत होता?’ असं वरून विचारलं तर? फाईल खालच्या खणात गेली. पाच सोमवार उलटले. फोनवर बायको विचारी, ‘‘अहो, आवाज असा का येतोय?’’ तो म्हणे, ‘‘काम फार आहे गं.’’ खरं तर केलेल्या कामाचा नव्हे, न केलेल्या कामाचाच तो भार होता.

एका रविवारी तो सेंट थॉमस माउंटच्या टेकडीवर गेला. तिथे विल्यम लॅम्बटनचा अर्धपुतळा आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात लॅम्बटनने 1802 साली याच परिसरातून केली. सुमारे साडेसात मैलांची पहिली रेषा 100 फुटी पोलादी साखळीने मोजायला 57 दिवस लागले. पुढे 1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून त्याचं अवजड थिओडोलाइट यंत्र मोडलं. नवं यंत्र कधी येईल, हे त्याच्या हाती नव्हतं. दुरुस्ती हाती होती. सहा आठवडे तंबूत बसून त्याने ती केली. 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला त्याला मृत्यू आला, तेव्हाही त्याचं काम चालूच होतं.

लॅम्बटन काही स्टोइक तत्त्वज्ञ नव्हता. पण गुलामगिरीत वाढलेल्या एपिक्टेटसची शिकवण हीच होती : काय आपल्या हाती आहे आणि काय नाही, हे आधी ओळखा. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस यालाही सकाळी अंथरूण सोडणं जड जाई. आपण कशासाठी जन्मलो, याची आठवण तो स्वतःला करून देई.

आपली चालढकल पुष्कळदा आळसातून येत नाही, भीतीतून येते. साहेब काय म्हणतील, निकाल काय लागेल, हे आपल्या हाती नसलेलं ओझं आपण आधीच डोक्यावर घेतो आणि मग हातातली साखळी उचलवत नाही.

सोमवारी तो तासभर आधी ऑफिसात पोहोचला. खालचा खण उघडला. झालेला उशीर पहिल्याच ओळीत कबूल करून त्याने पत्र लिहिलं. उत्तर काय येईल, हे त्याला ठाऊक नव्हतं.

अकरा वाजता ती बाई आली. त्याने समोरची खुर्ची पुढे केली आणि शिपायाकडून नुकताच शिकलेला शब्द उच्चारला, ‘‘उक्कारुंग, अम्मा.’’ बसा.