जहाज तेच, सोनं कमी

इंग्लंडच्या एडवर्ड तिसऱ्याच्या ‘नोबल’ या सोन्याच्या नाण्यावर राजा जहाजात उभा आहे. डोक्यावर मुकुट, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ढाल. आणि जहाज एवढंसं, की राजाच त्याची डोलकाठी वाटावा. ढालीवर इंग्लंडच्या सिंहांसोबत फ्रान्सची लिलीची फुलंही आहेत. १३४० मध्ये स्लॉइसला फ्रेंच आरमाराचा धुव्वा उडाला आणि चारच वर्षांत हे जहाज सोन्यावर उमटलं. फ्रान्सच्या गादीवरचा दावा व्यापाऱ्यांच्या थैल्यांतून गावोगाव फिरू लागला.

पण नाण्याचं चित्र ऐकवतं ते राजाचं म्हणणं. खरी हकीकत कळते ती तराजूत. त्याच १३४४ सालच्या जानेवारीत राजानं सोन्याचा ‘डबल लेपर्ड’ काढला होता. चांदीच्या मानानं त्याची किंमत फार चढी ठरवली गेली. लोकांनी तो घेतला नाही आणि काही महिन्यांतच तो मागे घ्यावा लागला. आज असे नग बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. त्याच्या जागी आलेला नोबल ८० पेनींचा, वजनानं सुमारे ९ ग्रॅम. १३५१ मध्ये तो ७.८ ग्रॅमवर आला, १४१२ मध्ये ७ ग्रॅमवर. किंमत तीच, सोन्याचा कसही तोच, जवळजवळ शुद्ध. झिजत गेलं ते फक्त वजन. जहाजावरच्या राजाचा तोरा मात्र तसूभरही उतरला नाही.

कडेच्या अक्षरांनाही असाच इतिहास आहे. फ्रान्सशी झालेल्या १३६० च्या तहानंतर राजाच्या बिरुदांतून फ्रान्स गळतं. १३६९ मध्ये युद्ध पुन्हा पेटतं आणि फ्रान्स परततं. मागच्या बाजूला ल्यूकच्या शुभवर्तमानातला प्रसंग लॅटिनमध्ये कोरलेला आहे: खवळलेल्या जमावातून येशू सुखरूप निघून जातो. ही अक्षरं जवळ असली की चोरांचं भय नाही, अशी लोकांची श्रद्धा होती. तरीही कित्येक नाण्यांच्या कडा कातरलेल्या दिसतात.

म्हणून या नाण्यांच्या नव्या संग्राहकाला मी एकच सांगेन. लखलखीत, दुर्मीळ नगामागे धावू नका. साधे पाव नोबल चालतील, पण एक १४१२ च्या आधीचा आणि एक नंतरचा घ्या. दोन्ही शेजारी ठेवा, भिंगानं वाचा आणि मग तोला. राज्य स्वतःबद्दल काय सांगत होतं आणि त्याला प्रत्यक्षात काय परवडत होतं, यातलं अंतर तुम्हाला ग्रॅममध्ये मोजता येईल. इतिहासाच्या फार थोड्या गोष्टी इतक्या नेमकेपणानं हाती लागतात.