मी महापौर झाले तर… (घरकुल, गुन्हेगारी आणि एक पथदिवा)

'मी महापौर झालो तर' हा कल्पनाप्रधान निबंध तुम्ही कधी ना कधी लिहिलाच असेल. खड्डे बुजवीन, बागा फुलवीन, गुन्हेगारी नष्ट करीन, गरिबांना घरे देईन! मीही अकोल्यात शाळेत असताना असाच लिहिला होता अन् दहापैकी सात गुण घेतले होते. तेव्हा अकोल्याला महापौरच नव्हते, नगरपालिका होती. महानगरपालिका तिथे २००१ मध्ये झाली. अमरावतीला मात्र १९८३ पासून आहे.

यंदा १५ जानेवारीला दोन्ही शहरांत महानगरपालिकेचं मतदान होतं. २०१७ नंतर थेट २०२६! मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. म्हणून मी नववीच्या वर्गाला हाच विषय दिला. बहुतेकांनी दोन-दोन पानं भरली. एका मुलीनं तीन ओळी लिहिल्या. 'मी महापौर झाले तर आमच्या गल्लीत पथदीवा लावीन. म्हणजे मला अभ्यासिकेत जाता येईल. आणि आईच्या नावाने घर करीन.'

"एवढंच?" मी विचारलं.

"मॅडम, बाकीचं मले खरं नाही वाटत."

ही मुलगी कोणत्या शहरातली ते मी सांगणार नाही, तिची ओळख पटायला नको. तिच्या गल्लीच्या तोंडाशी खांब आहे, पण दिवा नाही. सात वाजले की तिथे टवाळखोर पोरं बसतात, बाटल्या फुटतात. दिवाळीपासून आईनं तिची अभ्यासिका बंद केली. घर टिनाचं. वीस वर्षांपासून तिथेच राहतात, पण जागा नावावर नाही, म्हणून घरकुलाचा अर्ज परत आला.

त्याच आठवड्यात उमेदवार दारावर येऊ लागले. चौकात एकाचा फलक लागला होता, 'भावी महापौर'. मी त्या वहीतले दोन्ही प्रश्न प्रत्येकाला विचारायचं ठरवलं.

फलकवाले भाऊ म्हणाले, "ताई, आपली सत्ता आली की गुंडगिरी साफ! अन् घरकुल तर प्रत्येकाले."

मी म्हटलं, "भाऊ, पोलीस तुमच्या हाताखाली येणार आहेत का?"

ते हसले. पत्रक देऊन पुढच्या दारावर गेले.

आता इथे थोडं थांबा, कारण हे परीक्षेतही येतं. सहावीच्या नागरिकशास्त्रात शहरी स्थानिक शासन संस्थांचा पाठ आहे, तो आठवा. आपल्याकडे महापौराला आपण मत देतच नाही. अचलपूर, अकोटसारख्या नगरपरिषदेत नगराध्यक्ष थेट जनता निवडते. महानगरपालिकेत आपण नगरसेवक निवडतो अन् ते आपल्यातून अडीच वर्षांसाठी महापौर निवडतात. अमरावतीत ८७ जागा, अकोल्यात ८०. त्यातही महापौरपद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, याची सोडत यंदा २२ जानेवारीला निघाली, म्हणजे मतदान झाल्यावर! फलक लावताना त्या भाऊंना आपण त्या पदासाठी पात्र ठरू की नाही, हेही माहीत असणं शक्य नव्हतं.

अन् पोलीस? अमरावतीत पोलीस आयुक्त आहेत, अकोल्यात जिल्हा पोलीस अधीक्षक. दोघंही राज्याच्या गृहखात्याचे. महापौर महासभा चालवतात, पत्र लिहू शकतात, आवाज उठवू शकतात, पण ठाणेदाराला हुकूम देऊ शकत नाहीत. मात्र ७४ व्या घटनादुरुस्तीनं जोडलेली बारावी अनुसूची उघडा. नगरपालिकांकडे सोपवायच्या अठरा विषयांत झोपडपट्टी सुधारणा आहे अन् पथदिवेही आहेत. मुलीनं ज्या दोन गोष्टी मागितल्या, नेमक्या त्याच! आमच्या वर्गात सगळ्यात कमी ओळी लिहिणारीला महानगरपालिकेचं काम सगळ्यात चांगलं कळलं होतं, असं मला तरी वाटतं.

दुसरे उमेदवार वयस्कर होते, आधी नगरसेवक राहिलेले. घराचं विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, "बाई, अडीच लाख मिळतात. दीड केंद्राचे, एक राज्याचा. पण स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याले." हे खरं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या या घटकात आधी जागेचा कागद दाखवावा लागतो, मग बांधकाम पुढे सरकेल तसतसे हप्ते. म्हणजे ज्याच्याकडे जागाच नाही, त्याला आधी पट्टा हवा. सरकारी जमिनीवरचं जुनं अतिक्रमण नियमात बसवता येतं, पण त्यासाठी मोजणी, यादी, महसूल खात्याच्या चकरा. "मग पट्ट्यासाठी तुम्ही काय कराल?" म्हटलं तर म्हणाले, "पाहू ना बाप्पा. एकदम कसं होईन?" मला त्यांचा राग नाही आला. निदान खोटं तरी बोलले नाहीत. पण गुन्हेगारीचं विचारलं तर त्यांनीही वस्तीकडेच बोट दाखवलं, "तिकडलीच पोरं असतात." ते मात्र मला लागलं. तिकडलीच एक पोरगी अंधारामुळे घरात बसली आहे, हे कोण सांगणार?

तिसरी एक तरुण मुलगी, पहिल्यांदाच उभी राहिलेली. सोबत दोनच बाया. तिनं दोन्ही प्रश्न ऐकले अन् पिशवीतून वही काढली. "मॅडम, पोलीस माह्यं ऐकतीन का नाही, मले नाही सांगता येत. घराचंही आज शब्द नाही देत, पट्ट्याचं पहिले समजून घेतो. पण खांबाचा नंबर असतो. तो सांगा."

मला नंबर माहीत नव्हता. खांबाला नंबर असतो हेच ध्यानात नव्हतं! दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थिनीला विचारलं, तर तिला तोंडपाठ. तिच्या आईनं तक्रार लिहून दिली होती, तेव्हा तो पाठ झाला होता.

ती उमेदवार निवडून आली नाही. वही कुठे गेली, मला ठाऊक नाही. नंबर माझ्याकडे आहे. आता प्रभागातल्या चारही नगरसेवकांना आम्ही वर्गात औपचारिक पत्र लिहितोय. पत्रलेखनाचा नमुना पुढच्या लेखात देईन. त्यात दोन मुद्दे असतील, खांबाचा दिवा अन् वस्तीची मोजणी. तुमच्या प्रभागाचं पत्र लिहायचं असेल तर आधी बाहेर जाऊन खांबाचा नंबर उतरवून आणा.

दिवा लागला का, असं तुम्ही विचाराल. हे लिहीपर्यंत तरी नाही.

त्या तीन ओळींना मी दहापैकी साडेआठ गुण दिले. एक गुण विस्तारासाठी कापला, अर्धा शुद्धलेखनासाठी. 'पथदिवा' शब्दात 'दि' ऱ्हस्व आहे. वहीत लाल पेनानं तेवढं लिहून दिलंय.