भाता, बाबा आणि मूर्तिजापूर जंक्शन

लोहाराचा भाता सगळ्यांना माहीत असतो. माझं काम ज्या भात्याशी आहे तो बाणांचा. काही ठिपके, त्यांना जोडणारे बाण, बस्स. पिएर गाब्रिएल या फ्रेंच गणितज्ञाने १९७२ साली एका जर्मन निबंधात अशा चित्राला हे नाव दिलं. प्रत्येक ठिपक्यावर एक सदिश अवकाश ठेवायचा, प्रत्येक बाणावर एक मॅट्रिक्स. झालं त्या भात्याचं 'रिप्रेझेंटेशन'. प्रश्न एवढाच, की ही सगळी ज्यांच्या जोडणीतून बनतात ते न फुटणारे तुकडे किती?

नातेवाईकांनी विचारलं तर मी "कॉम्प्युटरसारखंच काहीतरी" म्हणून मोकळा होतो. पण या दिवाळीत यवतमाळला बाबांनी विचारलं, आणि त्यांनी याआधी कधीच विचारलं नव्हतं. मग कागदावर शकुंतला काढली. यवतमाळ, दारव्हा, मूर्तिजापूर. तीन ठिपके, दोन बाण. तुकडे सहाच, तिकिटांसारखे: कुठून कुठपर्यंत. एकाच स्टेशनाचा असेल तर ते प्लॅटफॉर्म तिकीट! हे बाबांना लगेच पटलं. गाडी बंद पडली तरी तिकिटं त्यांच्या डोक्यात आहेत.

मग मूर्तिजापूर मधोमध ठेवून तीन फाटे काढले: अकोला, बडनेरा, यवतमाळ. तुकडे १२. बाण कुठल्याही दिशेला वळवा, १२च. गाब्रिएलचं प्रमेय सांगतं की मोजके तुकडे फक्त काही आकृत्यांतच निघतात: सरळ साखळी, टोकाला फाटा फुटलेली साखळी, आणि सहा, सात, आठ ठिपक्यांच्या तीन विक्षिप्त आकृत्या.

बाबा म्हणाले, "अन् अचलपूरची लाइन कुठी गेली?"

मी बघतच राहिलो. हाच तर खरा प्रश्न! चौथा फाटा लावला की तुकडे अनंत होतात. प्रतलात एका बिंदूतून जाणाऱ्या तीन रेषा रूपांतराने हव्या तशा बसवता येतात, पण मग चौथी कुठे पडेल ते आपल्या हातात राहत नाही. तिची जागा एक संख्या सांगते, आणि अशा संख्या अनंत. तरी यादी नीट लावता येते. गेलफांद आणि पोनोमारेव यांनी १९७० साली लावली. म्हणून याला 'टेम' म्हणतात, माणसाळलेलं. त्यात आणखी एक स्टेशन घातलं की 'वाइल्ड'. यादीची आशाच सोडायची.

"एकच स्टेशन?" बाबांनी पेन घेतलं. दारव्हा टाकलं. मग कारंजा. मग लाडखेड...