ठोक्यांचा रोजमेळ

मला हृदय आहे, ही गोष्ट आमच्या शाखेतल्या खातेदारांना मान्य नाही. 'सही जुळत नाही' म्हणून मी आजवर परत केलेले चेक मोजले तर त्यांना दोषही देता येणार नाही. पण गेल्या दिवाळीनंतर माझ्याकडे त्याचा लेखी पुरावा आला. डॉक्टरांनी ईसीजी काढला, फिरत्या पट्ट्यावर पळवलं आणि कागद माझ्यापुढे सरकवीत ते म्हणाले, "हृदय चांगलं आहे. वापरत जा."

वापरायचं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास, भरभर चालायचं. खरं सांगायचं तर डॉक्टरांकडे मी आपण होऊन गेलो नव्हतो. आईनं पाठवलं होतं. मला ४६ पूर्ण झाली होती. वडील गेले तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. मी कॉमर्सचा पदवीधर. ही वजाबाकी मला येते. आई सातवी पास, तिलाही येते. फक्त आम्ही ती एकमेकांसमोर करत नाही.

"भरभर म्हणजे किती?" मी डॉक्टरांना विचारलं. 'भरभर' हा शब्द व्हाउचरवर लिहिता येत नाही. त्यांनी हिशेब मांडला. २२० मधून वय वजा करायचं, उरले १७४. मिनिटाला जास्तीत जास्त एवढे ठोके. मध्यम व्यायामाला याचे ५० ते ७० टक्के, म्हणजे ८७ ते १२१.८. ते पॉइंट आठ मी बँकेच्या सवयीनं वर ओढून १२२ केले.

"हा सरासरीचा अंदाज आहे हं," डॉक्टर म्हणाले, "माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे."

दहा-बारा इकडेतिकडे! आमच्याकडे दहा रुपये इकडेतिकडे झाले तर शाखेचे दिवे रात्री आठपर्यंत जळतात.

तेव्हा ठोके मोजायचं यंत्र घ्यायचं ठरलं. बँकेत कुणाचीही खरेदी ही सार्वजनिक बाब असते. आमचे कॅशियर छातीच्या पट्ट्याच्या बाजूचे. हृदयात जो विजेचा इशारा उठतो तो पट्टा थेट छातीवरच पकडतो, म्हणून आकडा पक्का, असं त्यांचं म्हणणं. "फिनलंडच्या पोलर कंपनीनं १९८२ साली पहिलं बिनतारी यंत्र काढलं, त्यातही छातीला पट्टाच होता," हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की जणू तो त्यांच्याच छातीवर बांधून पाहिला होता. कर्जविभाग मात्र मनगटी घड्याळाच्या बाजूचा. कारण विचाराल तर ते हप्त्यानं मिळतं.

कॅशियरांनी आपला पट्टा एक दिवस वापरायला दिला. तो आतून ओला करून बांधावा लागतो. डिसेंबरातल्या पुण्यात पहाटे साडेपाचला छातीला गार पाण्याचा पट्टा लावला की ठोके मोजायला यंत्र लागत नाही. शेजाऱ्यांनाही ऐकू जातात. आईनं पाहिलं आणि विचारलं, "हे कसलं रे ओलेतं सोवळं?" त्याच दिवशी मी घड्याळ घेतलं.

घड्याळाच्या पोटात हिरवा दिवा असतो. त्याचा उजेड कातडीत शिरतो, प्रत्येक ठोक्याला रक्त कमीजास्त होतं तसा परत येणारा उजेडही कमीजास्त होतो, आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. मी लगेच एक वही घातली: तारीख, वेळ, ठोके. संध्याकाळी आई विचारी, "आज किती?" सोन्याचा भाव विचारावा तसं. मी म्हणे, "एकशे दहा." ती मान हलवी. रोजमेळ जुळला.

मग एका रविवारी मी पर्वती चढायला घेतली. १०३ पायऱ्या. चाळिसाव्या पायरीशी सहज मनगटाकडे पाहिलं, तर १६८! मी मटकन खाली बसलो.

माझ्याच मागून कॅनव्हासचे बूट घातलेले एक आजोबा चढत होते. वय ऐंशीच्या पुढचंच. थांबून म्हणाले, "घाबरून घड्याळ बघितलंत, की घड्याळ बघून घाबरलात?"

मी मनगट पुढे केलं. त्यांनी घड्याळ बांगडीसारखं गोल फिरवून दाखवलं. "हे एवढं सैल घालतात होय? बोटं ठेवा नाडीवर. पंधरा सेकंद मोजा आणि चारनं गुणा." सत्तावीस भरले. सत्तावीस चोक एकशेआठ. यंत्रानं मोजलेल्या नोटा हातानं पुन्हा मोजणारा मी, मला हे सुचू नये!

"बोलता येतंय ना? मग चढा. गाता यायला लागलं की वेग वाढवा."

"मला मुळातच गाता येत नाही."

"तो व्यायामाचा दोष नाही," म्हणून आजोबा वर निघून गेले.

मी मात्र तिथेच बसून राहिलो. कारण १६८ दिसल्याबरोबर घरी काय सांगायचं, ते माझ्या तोंडात तयार होतं: "काही नाही, जरा पित्त झालंय." हे वाक्य माझं नव्हतं. १९९८ साली एका सकाळी वडील छाती चोळत हेच म्हणाले होते आणि डबा घेऊन कचेरीत गेले होते. दुपारी त्यांचा डबाच घरी आला. त्यांचं हृदय माझ्या वाट्याला आलंय की नाही, ते डॉक्टर जाणोत. वाक्य मात्र वारसाहक्कानं आलं होतं. आणि ते घड्याळात उमटत नाही. घड्याळ ठोके मोजतं; झटका ओळखत नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती निवडत असलेल्या मेथीतून वर न बघता म्हणाली, "आकडा नाही सांगितलास तरी चालेल. दुखलं तर पित्त म्हणू नकोस."

परवा रात्री जेवणानंतर छातीत जळजळलं. तोंडात आलेलं वाक्य गिळलं आणि म्हणालो, "आई, छातीत कसंतरी होतंय." पाच मिनिटांत शाल पांघरून आई रिक्षात माझ्या आधी बसली होती. दवाखान्यात ईसीजी झाला, रक्त तपासलं, दोन तास बसवून ठेवलं.

पित्तच निघालं.

बिल घेऊन घरी आलो आणि वही उघडली. कॉमर्सचा पदवीधर असूनही आयुष्यात पहिल्यांदाच खर्चाची रक्कम मी जमेच्या बाजूला मांडली.