मेरापीच्या पायथ्याशी

जावा बेटावर आम्ही सहकुटुंब गेलो ते नवव्या शतकातील बोरोबुदूरचा स्तूप पाहायला. पण मुलांना जागृत ज्वालामुखीची ओढ. सकाळी जीपने मेरापीच्या उतारावर गेलो. शिखरावर जायला मनाई होती. वर पांढरा धूर निघत होता. २०१० च्या उद्रेकात येथे साडेतीनशेच्या आसपास माणसे दगावली. तरीही राखेने सुपीक झालेली जमीन लोक सोडत नाहीत. नदीपात्रात मजूर ज्वालामुखीची वाळू ट्रकमध्ये भरत होते. आईला तिचे खडी फोडण्याचे दिवस आठवले.

दुपारी बोरोबुदूर. त्या वर्षी स्तूपावर, बुद्धमूर्तींवरही राख साचली होती. दगड झिजू नये म्हणून कामगारांनी ती हातांनी साफ केली. तथागतांना वंदन करून आई म्हणाली, "झाडणाऱ्यांचंही मंगल होवो."